खिडकीकडचं आणि दाराकडचं

माझ्या नणंदेला डावं-उजवं कळत नाही. हे मी भावजय म्हणून आकसाने म्हणत नाही. तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, लग्न ठरलं तेव्हाच मला सावध केलं होतं. "तिला रस्ता विचारू नकोस. विचारलाच, तर ती सांगेल त्याच्या उलट जा." रिक्षात बसल्यावर वन्सं "डावीकडे घ्या" म्हणतात आणि उजवा हात बाहेर काढतात. तोंडाचं ऐकावं की हाताचं, या घोळात रिक्षावाला सरळ पुढे जातो. मग वन्संच त्याला विचारतात, "अहो, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही का?"

बाकी हुशारीबद्दल बोलायलाच नको. शाळेत पहिल्या, कॉलेजात पहिल्या. फक्त कवायतीच्या तासाला सगळा वर्ग एकीकडे वळायचा आणि या एकट्या दुसरीकडे तोंड करून ताठ उभ्या. चेहऱ्यावर भाव असा, की बाकीचा वर्ग चुकलाय.

अशा बाईने डॉक्टर झाल्यावर काम कोणतं धरावं, तर सोनोग्राफीचं. आणि तेही फक्त गरोदर बायकांचं. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या आणि एक टेबल. आतल्या खोलीत यंत्र, पलंग आणि अंधार. शाळेतून मी निवृत्त झाले तशी वन्संनी मला त्या बाहेरच्या टेबलावर बसवलं. "वहिनी, तुम्हाला वर्ग सांभाळायची सवय आहे. हा माझा वर्ग सांभाळा." पाणी पिऊन या म्हटलं तर न पिता येणाऱ्या, एका पेशंटबरोबर आत चौघंचौघं घुसू पाहणारे, "आमचा नंबर केव्हा" म्हणून दर दोन मिनिटांनी उठणारे. वर्ग फारसा वेगळा नव्हता.

एकटं बाळ असलं की वन्संच्या डाव्या-उजव्याने काही बिघडत नसे. एकटं ते एकटंच. खरी पंचाईत जुळ्यांची. कोणतं आईच्या डाव्या बाजूचं आणि कोणतं उजव्या, हे दर खेपेला नक्की लागतं. नाहीतर मागच्या वेळी कोणतं केवढं होतं आणि आज कोणतं केवढं झालं, याचा ताळा कसा लागणार? वन्संनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. आतल्या खोलीत एका भिंतीला दार, समोरच्या भिंतीला जाड पडद्याची खिडकी, आणि मधोमध पलंग. वन्सं यंत्राकडे बघत मापं सांगायच्या, "खिडकीकडचं, डोकं इतकं, पोट इतकं. दाराकडचं, डोकं इतकं." कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेली आमची टायपिंगवाली मुलगी ते उतरवून घ्यायची. खिडकी म्हटलं की डावीकडच्या रकान्यात, दार म्हटलं की उजवीकडच्या. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मी एकदा चिडवलं होतं, "वन्सं, परगावी कुठे यंत्रावर बसायची वेळ आली तर काय कराल?"

"खिडकी बघूनच हो म्हणेन," वन्सं म्हणाल्या.

वन्संची दुसरी ख्याती म्हणजे कौतुकाची चणचण. सगळं उत्तम असलं की त्या "ठीक" म्हणतात. याच्या वर त्यांच्याकडे शब्द नाही. पेशंट बायका पाठीमागे त्यांना ठीकबाई म्हणतात आणि वन्संना ते ठाऊक आहे. "ठीक आहे," एवढंच त्या त्यावर म्हणाल्या.

आमच्याच जिन्याखाली चाव्या बनवून देणारी एक बाई बसते. एवढीशी टपरी, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि कानठळ्या बसवणारं एक घासायचं यंत्र. तिला दिवस गेले आणि पहिल्याच सोनोग्राफीत जुळी निघाली, तेव्हा अख्ख्या गल्लीला विनोद करायला विषय मिळाला. "एकीच्या दोन करायची सवयच आहे तिला," असं जो येईल तो म्हणायचा. तीही कमी नाही. "दुसरीचे पैसे वेगळे पडतात," म्हणून सगळ्यांना हसवायची.

तिच्याबरोबर दर वेळी तिची सासू यायची. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या सगळ्या जगाशी ओरडून बोलतात. पहिल्याच खेपेला वन्संनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "जुळी दोन तऱ्हेची असतात. काहींची वार वेगवेगळी असते. तुमच्या दोघांची एकच आहे. म्हणजे एका ताटात दोघं जेवताहेत. मधे पातळ पडदा आहे, आपापल्या जागी आहेत, पण ताट एक. एकाने जास्त ओढलं तर दुसऱ्याला कमी पडतं. मग एकाच्या पिशवीत पाणी वाढत जातं आणि दुसऱ्याचं आटत जातं. तसं झालं तर दोघांनाही धोका. म्हणून दर पंधरवड्याला यायचं. एकही खेप चुकवायची नाही."

"भांडतात का आत?" सासूबाईंनी विचारलं.

"भांडत नाहीत. त्यांना कळतही नाही."

"म्हणजे आमच्या मोठ्या दिरांसारखं," सासूबाई म्हणाल्या आणि सून तोंडाला पदर लावून हसली.

दोन-तीन खेपा ठीक गेल्या. मग एका खेपेला खिडकीकडचं बाळ जरासं मागे दिसलं, पाणीही किंचित कमी. काळजी करण्याइतकं नाही, पण डोळ्याआड करण्याइतकंही नाही. वन्सं म्हणाल्या, "लक्ष ठेवू." त्या दिवसापासून सासूबाईंनी खिडकीकडच्याला दत्तकच घेतलं. "माझं खिडकीकडचं" म्हणायच्या. दाराकडचं दांडगं आहे, ते आईवर गेलंय, त्याचं ती बघेल.

"बघा बाई," चावीवाली मला म्हणाली, "जन्माला यायच्या आधीच घरात दोन पक्ष पडले."

तिला आपल्या आईकडे जायचं होतं. आई दूर, डोंगरापलीकडच्या गावात. बसने दिवस जातो आणि आसपास कुठे असं यंत्र नाही. वन्संनी आधी नाहीच म्हटलं. फार गळ घातली तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बघू. दोघं नीट असली तर पंधरवडाभर जा. खिडकीकडचं अजून मागे पडलेलं दिसलं तर गावाचं नाव काढायचं नाही."

मधल्या रविवारी नवं यंत्र आलं. जुनं फार कुरकुर करत होतं. यंत्र बसवणारा म्हणाला, पलंग असाच ठेवलात तर दार उघडलं की उजेड नेमका यंत्राच्या पडद्यावर येईल, चित्र फिकं दिसेल. पलंग फिरवा. मी, टायपिंगवाली आणि तो, तिघांनी ढकलून पलंग फिरवला. डोकं होतं तिकडे पाय आले. वन्संची खुर्ची आता खिडकीला पाठ करून बसली. वन्सं खूश. चित्र असं स्पष्ट, की सोमवारी पहिल्याच बाळाची जांभई दिसली आणि त्यांनी ती बघायला मला आत बोलावलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चावीवाली आली. बरोबर सासूबाई आणि एक फुगलेली पिशवी. परवानगी मिळाली तर घरी न जाता थेट दुपारची बस धरायची, असा बेत होता. मी म्हटलं, "परवानगी मिळाली नाही तर?" चावीवाली म्हणाली, "तर पिशवी फिरवून घरी नेऊ. तेवढंच तिचं हिंडणं."

आत बराच वेळ लागला. मी टेबलावर बसून कान देत होते. नेहमीप्रमाणे डोकं, पोट, मांडीचं हाड, पाणी. आणि मग दाराआडून एक शब्द आला, जो मी इतक्या वर्षांत त्या खोलीतून ऐकला नव्हता.

"छान!"

सासूबाई बाहेर आल्या त्या जिन्याखालच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. "माझ्या खिडकीकडच्याने भरून काढलं! पाणीही वाढलं! उलट दाराकडचंच जरा आळसावलंय!" वन्संही दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एकदा हे पुढे, एकदा ते पुढे. असं आलटून पालटून असलं की चिंता नसते. एकच बाळ सारखं मागे पडत गेलं तर चिंता. जा तुम्ही. पंधरवड्याने माझ्यासमोर."

दोघी पिशवी घेऊन गेल्या. मी वन्संना म्हटलं, "आज छान म्हणालात."

"म्हणाले का?" त्या जराशा लाजल्याच.

दुपारी डबा खाल्ला की वन्सं पेशंटच्याच पलंगावर थोडा वेळ आडव्या होतात. हा त्यांचा जुना रिवाज. डाव्या कुशीवर, कारण त्या बाजूला खिडकी, आणि पडदा किंचित सारला की वारा तोंडावर येतो. मी दाराशी स्टुलावर बसून पेपर वाचते. रविवारी यंत्र बसवण्याच्या गडबडीत आडवं होणं राहिलं होतं, सोमवारी गर्दी होती. त्यामुळे फिरवलेल्या पलंगावर वन्सं त्या दिवशी पहिल्यांदाच आडव्या झाल्या. सवयीने उशीवर डोकं टेकलं, सवयीने कूस बदलली, डोळे मिटले. मग उघडले.

"वहिनी, तुम्ही तिथे काय करताय?"

"मी माझ्या रोजच्या जागी आहे. पेपर वाचतेय."

"मग खिडकी कुठाय?"

"तुमच्या पाठीशी."

वन्सं तशाच पडून राहिल्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात पोटावर दोन बाजूंना ठेवले. मान वळवून पाठीमागे खिडकीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं. मग ताडकन उठून बसल्या.

"पलंग फिरला," त्या म्हणाल्या.

"तो तर रविवारीच—"

"पलंग फिरला, बाई फिरली, पोटाबरोबर बाळंही फिरली. खिडकी जागची हलली नाही. मी आज खिडकीकडचं म्हटलं ते बाळ मागच्या वेळचं दाराकडचं होतं, वहिनी."

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्याने भरून काढलं असं वाटलं, ते मुळातच दांडगं होतं. ते नुसतं आपल्या चालीने वाढलं होतं. आणि जे जरा आळसावलं म्हणून आम्ही हसलो, ते मागच्या वेळी मागे असलेलंच होतं. ते आणखी मागे पडलं होतं. आलटून पालटून काही चाललं नव्हतं. एकच बाळ सारखं मागे पडत होतं, आणि आम्ही त्याच्या आईला दिवसभराच्या वाटेवर धाडून दिलं होतं.

वन्संनी जुनी चित्रं आणि सकाळची चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. वार कोणत्या अंगाला, नाळ कुठून निघते, हे एका नजरेत कळलं. टायपिंगवाली जेवून परत आली आणि काय झालं ते कळताच रडायला लागली.

"तू कशाला रडतेस?" वन्सं म्हणाल्या. "खिडकी मी म्हणाले. तू मी म्हणाले ते लिहिलंस. फोन दे इकडे."

पुढचं मला नंतर चावीवालीने सांगितलं, आणि ती सांगते तेव्हा यंत्र बंद करून सांगते. बस नुकतीच गावाबाहेर पडली होती. फोन सासूबाईंच्या हातात, आणि कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"कोण, डॉक्टरीणबाई? अहो, सुटली आमची बस!"

"उतरा."

"काय?"

"बसमधून उतरा आणि परत या."

"सकाळी तर छान म्हणालात!"

"मी चुकले."

"काय म्हणालात? मोठ्याने बोला!"

"मी चुकले!" वन्सं इकडे खुर्चीतून उठून ओरडत होत्या. "माझ्या हातून बाळांची अदलाबदल झाली!"

अख्ख्या बसने कान टवकारले. मग पुढच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "बाळं बदलली? कुठल्या दवाखान्यात?"

"अहो, अजून व्हायची आहेत ती!" चावीवाली म्हणाली.

"व्हायच्या आधीच बदलली?" पलीकडच्या बाई उद्गारल्या. "कमाल झाली!"

कंडक्टरने जास्त चौकशी न करता घंटी ओढली. पिशवी खिडकीतून खाली देण्यात आली, आणि बस हलता हलता चारपाच जणांनी चारपाच सल्ले दिले. रिक्षा मिळेपर्यंत सासूबाई तोंडाने एक अक्षर बोलल्या नाहीत. चावीवाली म्हणते, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

जिना चढून वर येताच सासूबाई वन्संसमोर उभ्या राहिल्या. "एक सांगा मला. तुम्ही चुकीचं मोजलंत, की चुकीचं ओळखलंत?"

"मोजलं बरोबर. ओळखलं चुकीचं."

"मग माझं कुठलं?"

"जे मागे पडलंय ते," वन्सं म्हणाल्या. "तुमचं तेच आहे."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग म्हणाल्या, "चला मग. परत बघा. आणि या खेपेला तिच्या हाताला विचारा कोणता डावा ते."

चावीवालीने आपणहून डावा हात वर केला आणि तपासणी होईपर्यंत शाळेतल्या मुलीसारखा वरच धरला. त्या दिवशी माझ्यासकट सगळ्यांना वन्संनी आत येऊ दिलं. मागे पडलेल्या धाकट्याचं पाणी खरंच कमी होतं, थोरल्याचं जास्त. "आता एकच बघायचंय," वन्सं म्हणाल्या. "धाकट्याची लघवीची पिशवी. ती भरलेली दिसली तर त्याला रक्त पोचतंय, उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात निघायचं. नाही दिसली तर आत्ता, या पावली."

ती दिसेना.

"आत्ताच केली असेल," वन्सं म्हणाल्या. "थांबू. बाळांची पिशवी भरते आणि रिकामी होते."

मग आम्ही थांबलो. अंधाऱ्या खोलीत पाच बायका, एका न जन्मलेल्या बाळाला शू कधी होते याची वाट बघत. वन्सं हात न हलवता बसून होत्या. चावीवालीचा वर धरलेला हात दुखायला लागला तसा मी तो खालून तोलून धरला. सासूबाई आधी मनातल्या मनात काही पुटपुटत होत्या, मग राहवेना म्हणून उघडच म्हणाल्या, "कर रे राजा, कर. कोणी बघत नाही."

"आत्याबाई, सगळे बघतायत," चावीवाली म्हणाली आणि तिला हसू आवरेना. पोट हलायला लागलं, यंत्रावरचं चित्र थरथरलं, आणि वन्सं ओरडल्या, "हसू नका!" हे ऐकून टायपिंगवालीही हसली. आम्ही सगळ्या रडायच्या बेतात होतो आणि हसत होतो.

चित्र स्थिर झालं तेव्हा धाकट्याच्या पोटात तिळाएवढा एक काळा ठिपका दिसला. बघता बघता मोठा झाला.

"भरली," वन्सं म्हणाल्या. एवढंच. त्यांनी यंत्राचा हात खाली ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. 

दुसऱ्या सकाळी चावीवाली मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे तिला जवळच राहायला सांगितलं आणि एक दिवसाआड बघत राहिले. आठवडा सरायच्या आतच धाकट्याचं पाणी पार आटलं आणि तो काळा ठिपका दिसेनासा झाला. आईकडच्या गावात असती तर हे कोणाला कळलं नसतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी लगेच दुर्बीण घालून, वारेवरच्या ज्या शिरा एका बाळाचं रक्त दुसऱ्याला नेत होत्या त्या लेझरने बंद केल्या. पण आधी स्पष्ट सांगितलं, की या उपायानंतर दोघं राहतील, एक राहील, की एकही नाही, ते दुसऱ्या दिवशी ठोके बघूनच कळेल.

त्या दुसऱ्या दिवशी वन्संनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि पहिल्या बसने तिकडे गेल्या. तिथे त्यांना आत घेण्याचं काही कारण नव्हतं. बाहेर नातेवाइकांच्या बाकापाशी त्या उभ्या राहिल्या, सासूबाईंच्या शेजारी. आत चावीवालीचा नवरा होता. तो मुळातच कमी बोलणारा. दार उघडून बाहेर आला. त्याने नुसती दोन बोटं वर केली.

"धाकट्याचाही?" सासूबाईंनी एवढ्या मोठ्याने विचारलं, की पलीकडच्या वॉर्डातली नर्स डोकावली.

त्याने मान हलवली. हो.

वन्संनी पुढे होऊन त्याला विचारायला सुरुवात केली. पाणी किती आलंय, पिशवी दिसली का, ठोक्यांचा वेग काय सांगितला. 

"अहो, त्याला काय कळतंय त्यातलं!" सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आधी बसा बघू. उभ्या उभ्या पडाल." त्यांनी वन्संचं मनगट धरून त्यांना बाकावर बसवलं आणि आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली.

हे मला सासूबाईंनी सांगितलं. वन्संनी घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की दोन्ही ठोके आहेत. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं पाणी पिऊन टाकलं.